वयात आलेल्या लेकरांस नाताळची भेट

(घरच्या व मंडळीच्या अभ्यासासाठी पाठ)

शास्त्रभाग : उत्पत्ति ३७:३, ४; यहोशवा १५:१६–१९; १ शमुवेल २:१८, १९; २ इतिहास २१:१–४; लूक १५:११–३२.

पाठाचा हेतू : मिळवत्या व संसारी झालेल्या मुलामुलींस आईबापांनी नाताळात काय द्यावे, कसे द्यावे व काय देऊ नये, ह्याचा शास्त्राच्या आधाराने विचार करणे.

नाताळ जवळ आला म्हणजे लहान मुलांस काय द्यावे हा प्रश्न आपल्या घरांत फारसा पडत नाही. नवा सदरा, नवा झगा, मूठभर गोळ्या, शब्बाथशाळेत मिळालेले एखादे चित्र, एवढ्याने मूल हरखून जाते. पण तेच मूल पंचवीस वर्षांचे झाले, मिळवू लागले, लग्न होऊन निराळे राहू लागले, म्हणजे आईबाप गोंधळात पडतात. कोणी म्हणतात, “आता तो कमावता झाला, त्याला आमच्या देण्याची काय गरज?” कोणी त्यास अजून लहानच समजून देत राहतात. आणि कोणी ऋण काढून इतके देतात की, नाताळचा आनंद जानेवारीच्या पहिल्या हप्त्याबरोबर संपून जातो.

शिरवळच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांस हा प्रश्न विशेष लागू आहे. शिरवळ हे सातारा जिल्ह्याचे उत्तरेकडील दार होय. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो व शिरवळ लागते. पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरील ह्या गावाभोवती आज कारखान्यांची वसाहत उभी राहिली आहे. खेड्यापाड्यांतील तरुण येथे पाळीवर कामास येतात आणि दोघे-चौघे मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. कित्येकांचे आईबाप खंबाटकी घाटापलीकडे, जुन्या घरात, ज्वारीच्या रानाजवळ असतात. मुलगा महिन्याच्या महिन्यास पगार घेतो, तर बापाच्या हाती डिसेंबरात रोकड नसते. रब्बीचे पीक अजून उभेच असते. म्हणजे देणाऱ्यापेक्षा घेणाराच पैशाने मोठा! अशा स्थितीत बापाने काय द्यावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मोठ्या लेकरास द्यावयाची भेट ही त्याच्या मोठेपणाची कबुली असावी. ती मोठी असण्याची गरज नाही. पण “तू आता पुरा मनुष्य झालास, हे आम्ही ओळखतो, आणि तरीही तू आमचेच लेकरू आहेस,” असे तिने सांगावे. हे शास्त्रातील उदाहरणांवरून पाहू.

१. भेट देणे ही आज्ञा नव्हे

प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाताळात भेटी द्याव्यात अशी आज्ञा शास्त्रात कोठेही नाही. मागी लोकांनी सोने, ऊद व गंधरस आणिले ते बाळ येशूला अर्पण म्हणून. एकमेकांस वाटण्यासाठी नव्हे. नाताळच्या दिवशी घरातील मुलांस भेटी देण्याची चाल यूरोप-अमेरिकेतही मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरली. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. ज्या न्यू इंग्लंड प्रांतातून ते आले, तेथील बहुतेक मंडळ्या त्या काळी नाताळ पाळीतच नसत. त्या प्रांतातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास दंड होता, आणि तेथे ह्या दिवसाची सरकारी सुटी १८५६ साली सुरू झाली. त्याच मिशनने १८४९ साली साताऱ्यास आपले ठाणे घातले. म्हणजे ज्यांनी ह्या भागात शुभवर्तमान आणिले, त्यांच्या पूर्वजांनी नाताळच्या भेटीवाचून पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती जीवन कंठले.

ह्यावरून भेट देणे वाईट ठरत नाही. पण ज्याच्या घरी देण्यास काही नाही, त्याने लाजेने मान खाली घालण्याचे कारण नाही, एवढे निश्चित ठरते. भेट हे प्रीतीचे फळ आहे. ती सणाची पट्टी नव्हे.

२. हन्नाचा झगा : भेट लेकराबरोबर वाढली पाहिजे

हन्नाने शमुवेलास लहानपणीच परमेश्वराच्या सेवेस दिले. तो शिलोस एली याजकापाशी राही. ती दरवर्षी यज्ञाच्या वेळी नवऱ्याबरोबर तेथे जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक झगा शिवून नेई. ह्या लहानशा वाक्यात आईचे केवढे अंतःकरण आहे! मुलगा दृष्टीआड आहे. त्याचे माप घेण्यास तो घरी नाही. तरी गेल्या वर्षी तो केवढा होता व आता केवढा झाला असेल, ह्याचा विचार करीत तिने कापड बेतले असेल. गेल्या वर्षीचा झगा यंदा चालला नसता.

आमच्यापैकी पुष्कळांची चूक येथेच होते. मुलगा तीस वर्षांचा झाला, तरी आम्ही त्यास बारा वर्षांच्या मापाचा झगा देतो. त्याच्या आवडीनिवडी, त्याचे काम, त्याची अडचण आम्हास ठाऊक नसते. आम्हास तो घर सोडून गेला त्या दिवशीचाच आठवतो. म्हणून भेट निवडण्यापूर्वी त्याच्या आजच्या जीवनाची चौकशी करावी. तो कोणत्या पाळीस जातो? रात्रीची पाळी करून आल्यावर काय खातो? थंडीत पांघरण्यास पुरेसे आहे काय? जो खोलीत राहतो त्यास घरच्या जुन्या लुगड्यांची जाड वाकळ, ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी व नाताळच्या करंज्यांचा डबा ह्यांचे मोल बाजारच्या शोभेच्या वस्तूहून अधिक वाटेल. जो दुचाकीवरून हमरस्त्याने व घाटाने ये-जा करितो, त्यास आय. एस. आय. छापाचे चांगले हेल्मेट द्यावे. त्या भेटीने त्याचा जीवही वाचू शकेल. जी मुलगी परिचारिकेचे काम शिकत आहे, तिला तिच्या अभ्यासाचे पुस्तक द्यावे. अशा भेटीने लेकरास कळते की, आईबापांनी आपल्यास आज पाहिले आहे.

३. अखसाचे झरे : लेकीस विचारा व ऐका

कालेबाची कन्या अखसा हिचे लग्न अथनिएलाशी झाले. बापाने तिला दक्षिणेकडील कोरडी जमीन दिली होती. ती गाढवावरून उतरली, तेव्हा कालेबाने तिला काय पाहिजे म्हणून विचारिले. तिने पाण्याचे झरे मागितले. आणि त्याने वरचे व खालचे असे दोन्ही झरे तिला दिले.

कोरडवाहू रान व पाणी ह्यांतील भेद खंडाळा तालुक्यातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्यावाचून जमीन दिली तर ती अर्धेच दिल्यासारखी होय. येथे दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, कालेबाने विवाहित लेकीस परके धन मानिले नाही. “दिल्या घरी सुखी राहा” एवढे बोलून तो मोकळा झाला नाही. दुसरी, त्याने विचारिले आणि तिने सांगितलेले ऐकिले. मोठ्या लेकरास “तुला काय उपयोगी पडेल?” असे विचारण्यात कमीपणा नाही. लहान मुलाची भेट अकस्मात दिली तर शोभते. मोठ्याची विचारून दिली तर उपयोगी पडते.

मात्र एक भेद स्पष्ट ठेवावा. अखसाने आपल्या बापाजवळ मागितले. सासरच्या मंडळींनी नाताळचे निमित्त करून सुनेकरवी अंगठी, गाडी किंवा रोकड मागविली, तर ती भेट नव्हे, हुंडाच होय. आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे व देणे दोन्ही गुन्हा आहे. अशी मागणी एकदा पुरविली की दुसऱ्या नाताळी ती वाढून येते. लेकीस माहेरची साडीचोळी प्रीतीने द्यावी; पण धाक घालून मागितलेले देऊ नये, आणि असा धाक कोठे असेल तर बापाने एकट्याने न सोसता पाळकांस व पंचमंडळीस कळवावे.

४. याकोबाचा अंगरखा : पक्षपात करू नये

याकोबाने योसेफास निराळा अंगरखा दिला. ह्या एका वस्त्राने काय केले, हे आपण जाणतो. भावांनी प्रथम तोच अंगरखा अंगावरून काढिला, तोच बकऱ्याच्या रक्तात बुडविला, आणि तोच बापापुढे आणून ठेविला. बापाची भेट बापाच्याच दुःखाची खूण झाली.

दुसरे उदाहरण यहोशाफाट राजाचे आहे. ते कमी वाचले जाते, पण मोठ्या मुलांच्या संबंधाने ते अधिक नेमके आहे. त्याने आपल्या सर्व मुलांस रुपे, सोने, मोलवान वस्तू व तटबंदीची नगरे दिली. राज्य मात्र वडील मुलगा यहोराम ह्यास दिले. देण्यात त्याने कसूर केली नाही. तरीही यहोराम बळावल्यावर त्याने आपल्या सर्व भावांस तरवारीने मारिले. भेटींनी भावाभावांत प्रीती विकत मिळत नाही. ती घरात आधी लाविलेली असावी लागते.

आमच्या खेड्यांत तरवार चालत नाही, पण अबोला चालतो, आणि तो पुष्कळदा सणाच्या दिवशीच सुरू होतो. धाकट्यास मोबाइल दिला, थोरल्यास रुमाल; थोरल्या सुनेस पैठणी, धाकटीस साधे पातळ; मुलास काहीतरी, मुलीस काहीच नाही. प्रत्येकास सारख्याच किमतीची वस्तू दिली पाहिजे असे नाही. आजारी, बेकार किंवा विधवा लेकरास अधिक देणे योग्यच आहे. पण तसे करावयाचे तर इतरांस उघड सांगावे व त्यांचेही मत घ्यावे. चोरून दिलेली मदत उघडकीस आली म्हणजे ती पक्षपात दिसते. सांगून दिलेली मदत सर्वांची होते.

मुलगा व मुलगी ह्यांविषयी तर ख्रिस्ती मनुष्यास संशय नसावा. ईयोबाने आपल्या कन्यांस त्यांच्या भावांबरोबर वतन दिले, असे त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या देशाचा कायदाही येथे ईयोबाच्या बाजूचा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश त्याच्या विधवेस व उरलेला दोन तृतीयांश त्याच्या लेकरांस जातो. आणि लेकरांत मुलगा व मुलगी असा भेद नाही, सर्वांस समान वाटा मिळतो. जो बाप नाताळात लेकीस रिकाम्या हाताने पाठवितो व जमिनीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेण्यास धावतो, त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा.

५. ऋण काढून सण नको

आजकाल पुष्कळ वस्तू हप्त्यांवर मिळतात. दुकानदार प्रारंभी थोडेच मागतो. बचत गटाचे कर्ज शेळीसाठी किंवा शिवणयंत्रासाठी काढिलेले असते, आणि ते नाताळात मुलाच्या मोबाइलवर खर्च होते. पुढे दर महिन्यास हप्ता येतो, आणि गटातील इतर बहिणींस तिच्या वाटणीचे भरावे लागते. म्हणजे भेट एकाने दिली व दाम दुसऱ्यांनी मोजिले. ही उदारता नव्हे.

प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की, लेकरांनी आईबापांसाठी नव्हे, तर आईबापांनी लेकरांसाठी साठविले पाहिजे (२ करिंथ १२:१४). साठविणे आणि उसने आणणे ह्यांत मोठे अंतर आहे. ज्यास नाताळात द्यावयाचे असेल त्याने सुगीपासून थोडे थोडे बाजूस ठेवावे. एखादी कोंबडी, शेंगांची पायली, एवढेही निश्चयाने राखिले तर डिसेंबरात सावकाराच्या दारी जावे लागत नाही. आणि जे मूल स्वतः पगार घेत आहे, त्याने बापाच्या ऋणावर घेतलेली वस्तू हाती येताच आनंद मानू नये, “दादा, हिचे पैसे कोठून आणले?” असे त्याने प्रीतीने विचारावे. वयात आलेल्या लेकराचे हेही एक कर्तव्य आहे.

६. भेटीला दावे बांधू नये

काही आईबाप देतात, पण दिलेली वस्तू सोडीत नाहीत. “मी तुला गाडीसाठी पैसे दिले, म्हणून दर रविवारी घरी आलेच पाहिजे.” “आम्ही दागिना घातला, म्हणून सून आमच्या म्हणण्याबाहेर जाता कामा नये.” अशी भेट म्हणजे गळ्यात बांधलेले दावे. लहान मुलास आपण हात धरून चालवितो ते योग्यच. पण मोठ्यास दाव्याने ओढू गेल्यास तो एक तर दावे तोडितो, नाही तर मनातून दुरावतो.

लूकाच्या पंधराव्या अध्यायातील बापाकडे पाहा. परत आलेल्या मुलास त्याने उत्तम झगा, हातात अंगठी व पायांत जोडा दिला. ह्या तिन्ही वस्तू मोठ्या मनुष्यास द्यावयाच्या आहेत. मुलगा चाकर होऊन राहण्याची विनंती मनात घेऊन आला होता. बापाने दिलेल्या प्रत्येक वस्तूने त्यास सांगितले की, तू चाकर नाहीस, पुत्र आहेस. त्याने अट घातली नाही, उडविलेल्या द्रव्याचा हिशेब मागितला नाही. आणि थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहिला, तेव्हा बाप त्याच्याकडेही स्वतः चालत गेला. एक करडूसुद्धा कधी मिळाले नाही, ही थोरल्याची तक्रार होती. त्याचा जीव करडासाठी नव्हता; बापाने आपल्यास कधी पाहिले काय, हेच त्याचे दुःख होते. घरी राहून राबणाऱ्या लेकराची भेट आपण विसरत असतो, कारण तो रोज दिसतो. दूरच्यास डबा पाठविताना जवळच्यास विसरू नका.

येथे एक इशारा दिला पाहिजे. भेट निराळी व वाटणी निराळी. सणाच्या भरात “घे, घरजमीन सारी तुझीच,” असे म्हणून कोणी कागदावर अंगठा करू नये. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र १८८२ च्या कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांच्या सहीने व नोंदणीनेच पुरे होते, आणि एकदा पुरे झाले की ते सहसा मागे घेता येत नाही. म्हातारपणी सांभाळ करावा अशी अट घालून मिळकत दिली व ती अट मुलाने मोडली, तर ती परत मिळविण्याची तजवीज २००७ च्या आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. पण ती अट लेखात स्पष्ट लिहिलेली असावी. म्हणून जमिनीचा व्यवहार विचाराने, सर्व लेकरांदेखत, जाणत्याच्या सल्ल्याने करावा. नाताळच्या भेटीला अट नको. आणि म्हातारपणाच्या छपरास अटीवाचून हात लावू नये.

७. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी काय द्यावे?

रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यास राहिले, व ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या हेतूने आईजवळ आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. तरी त्यांनी आठवणी सांगितल्या व लिहिल्या, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ झाला. त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ ह्या काळात निघाले. तोवर देवदत्त चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. विधवा आईजवळ मोठ्या मुलास देण्याजोगे जे होते ते तिने दिले, आणि ते साऱ्या महाराष्ट्रास पुरले.

प्रत्येक आईस ग्रंथ लिहिता येणार नाही. पण आपले आजोबा कोणत्या गावचे, घरात प्रथम कोणी व कोणत्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्यांस गावाने काय सोसावयास लाविले, दुष्काळात कोणी अन्न दिले, हे सांगणारी माणसे आपल्या मंडळ्यांतून दरवर्षी कमी होत आहेत. ज्यास लिहिता येत नाही त्याने नातवाकडून एका वहीत लिहवून घ्यावे, किंवा मोबाइलवर आपल्या तोंडाने बोलून ठेवावे. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सात-बाराचा उतारा ह्यांच्या नकला एका पाकिटात घालून प्रत्येक लेकरास द्याव्या. खर्च थोड्या रुपयांचा, उपयोग जन्माचा.

आणि याहूनही मोलाची एक भेट आहे. ज्या लेकराशी आपण बोलत नाही, ज्याने आपल्या मनाविरुद्ध लग्न केले किंवा उपासना सोडिली, त्यास नाताळापूर्वी निरोप पाठवावा की, दार उघडे आहे. त्याने उत्तर दिले नाही तरी पाठवावा. बापाने आधी पाऊल टाकिले, हीच तर नाताळची गोष्ट आहे.

८. उपदेशकांस सूचना

हा पाठ नाताळपूर्वीच्या घरसभेत घ्यावा. नाताळ होऊन गेल्यावर त्याचा उपयोग नाही. कोणाचे नाव घेऊन उदाहरण देऊ नये. आईबाप व मोठी मुले ह्यांस शक्य तर एकत्र बसवावे. ज्यांस २५ डिसेंबरास पाळी असेल, त्यांच्यासाठी कुटुंबाने दुसरा दिवस ठरवावा. भेट उशिरा मिळाली तरी बिघडत नाही. ज्या आईबापांस लेकरू नाही किंवा ज्यांचे लेकरू निवर्तले, त्यांच्याकडे मंडळीतील एका तरुण कुटुंबाने फराळ घेऊन जावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मोठ्या मुलाचे किंवा मुलीचे आजचे काम, खाणे व अडचण आपणास ठाऊक आहे काय? नसल्यास केव्हा विचाराल?

२. गेल्या नाताळात कोणत्या लेकरास काहीच मिळाले नाही? का?

३. यहोशाफाटाने पुष्कळ देऊनही त्याच्या घरात शांती का राहिली नाही?

४. लूक १५ मधील झगा, अंगठी व जोडा ह्यांनी धाकट्या मुलास काय कळविले? थोरल्या मुलास बापाने काय दिले?

५. मोठ्या मुलांसाठी : आपल्यासाठी आईबापांनी ऋण काढू नये म्हणून आपण त्यांस ह्या आठवड्यात काय सांगाल? त्यांस आपण काय देणार? (१ तीमथ्य ५:४ पाहावे.)